सेवेची आखणी आणि तिच्या शेजारच्या विद्या

सेवेची आखणी, म्हणजे व्यवसायात जिला सर्व्हिस डिझाइन म्हणतात ती विद्या, एकाच वेळी दोन बाजूंकडे पाहते. सेवा घेणाऱ्या माणसाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत काय काय करावे लागते ही एक बाजू, आणि ती सेवा त्याच्यापर्यंत पोहोचवण्यासाठी पडद्यामागे कोणाकोणाला काय करावे लागते ही दुसरी. या दोन्ही एका कागदावर मांडायच्या आणि त्यांचा मेळ घालायचा, हे तिचे काम. व्याख्या सोपी असली तरी हद्द आखणे सोपे नाही. प्रॉडक्ट डिझाइन, ग्राफिक डिझाइन, इंटरॅक्शन डिझाइन, यूएक्स (म्हणजे युझर एक्स्पीरियन्स), मार्केटिंग, ऑपरेशन्स मॅनेजमेंट या सगळ्यांचा सेवेशी संबंध येतो. मुलाखती, निरीक्षण, नकाशे, कच्चे नमुने ही साधनेही बरीचशी सामाईक आहेत, त्यामुळे साधनांवरून फरक शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. त्यापेक्षा एक प्रश्न जास्त उपयोगी पडतो: सेवा बिघडली, तर कोणता बिघाड कोणती विद्या आपला मानते?

या प्रश्नासाठी भारतातील पासपोर्ट सेवा चांगले उदाहरण आहे. परराष्ट्र मंत्रालयाने २००८ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसशी करार करून पासपोर्टच्या कामाची फेरमांडणी हाती घेतली आणि त्यातून देशभर ७७ पासपोर्ट सेवा केंद्रे उभी राहिली. अर्जदार पोर्टलवर अर्ज भरतो, शुल्क भरून भेटीची वेळ घेतो, केंद्रावर जाऊन टोकन घेतो. ‘ए’ काउंटरवर कंपनीचे कर्मचारी कागदपत्रे स्कॅन करतात, फोटो काढतात, बोटांचे ठसे घेतात. ‘बी’ काउंटरवर सरकारी अधिकारी कागदपत्रे तपासतो आणि ‘सी’ काउंटरवर मंजुरीचा निर्णय होतो, कारण पासपोर्ट द्यायचा की नाही हे ठरवण्याचा सार्वभौम अधिकार सरकारने स्वतःकडेच ठेवला. पुढे पोलीस पडताळणी, छपाई आणि स्पीड पोस्टने घरपोच वाटप. कोऱ्या पुस्तिका नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या जातात. म्हणजे एक मंत्रालय, एक खासगी कंपनी, राज्याचे पोलीस, टपाल खाते आणि एक सरकारी छापखाना एवढ्यांचे हात या कामाला लागतात. अर्जदाराच्या लेखी मात्र हे एकच काम असते: पासपोर्ट काढणे.

या विद्यांमधली थोरली म्हणजे प्रॉडक्ट डिझाइन. जर्मनीत वायमार येथे १९१९ मध्ये सुरू झालेल्या बाउहाउसने कारागिरी, कला आणि यंत्रोत्पादन यांची सांगड घालण्याचा प्रयत्न केला आणि विसाव्या शतकातील डिझाइनच्या शिक्षणाला त्यातून वळण मिळाले. भारतात चार्ल्स आणि रे ईम्स यांच्या १९५८ च्या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था स्थापन झाली. १९६९ मध्ये पवईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर सुरू झाले. या परंपरेत डिझाइनरला एक मोठी सवलत असते: वस्तू कारखान्याबाहेर पडते तेव्हा ती पूर्ण झालेली असते. पासपोर्टची पाने सुटली, मुखपृष्ठ फाटले, नकली पुस्तिका सहज करता आली, तर तो बिघाड वस्तू घडवणाऱ्याचा. पुस्तिका निर्दोष आहे, पण अर्जदाराच्या मुलीचे परदेशातले लग्न होऊन गेल्यावर हाती पडली, तर वस्तूच्या दृष्टीने काहीच चुकलेले नसते.

सेवा वस्तूपेक्षा वेगळी कशी, याची मांडणी १९८५ मध्ये व्हॅलरी झाइथॅमल, ए. परशुरामन आणि लिओनार्ड बेरी या मार्केटिंगच्या अभ्यासकांनी चार गुणांत केली. सेवेला हात लावता येत नाही, ती दर वेळी थोडी वेगळी होते, ती घडतानाच वापरली जाते आणि ती साठवून ठेवता येत नाही. यावर पुढे बरीच टीका झाली. स्टीफन वार्गो आणि रॉबर्ट लश यांनी २००४ मध्ये तर असे मांडले की, सगळा व्यवहार मुळात सेवेचाच असतो आणि वस्तू ही सेवा पोहोचवण्याचे एक साधन असते. ही टीका तात्त्विकदृष्ट्या वजनदार आहे. तरीही प्रत्यक्ष आखणी करणाऱ्याला घडताना वापरली जाण्याचा गुण विसरून चालत नाही. अर्जदार केंद्रावर अपुरी कागदपत्रे घेऊन आला, तर काउंटरवरचा माणूस कितीही तरबेज असला तरी सेवा पूर्ण होत नाही. सेवा घेणारा तिच्या घडणीत स्वतः कामाला लागलेला असतो, आणि त्याला ना प्रशिक्षण मिळालेले असते ना पगार. त्याच्या वाट्याचे काम त्याला कळेल आणि झेपेल असे ठरवणे, हा भाग वस्तूच्या डिझाइनमध्ये एवढ्या ठळकपणे येत नाही.

ग्राफिक डिझाइनशी असलेली सीमा त्या मानाने स्पष्ट आहे. अर्जातील रकान्यांची मांडणी, काउंटरचे फलक, टोकनचा पडदा ही त्याची कामे. फलक वाचता आला नाही तर दोष त्याचा. मात्र पुष्कळदा वाढत्या फलकांचे मूळ कारण रचनेत असते. ज्या दालनात ‘येथे चौकशी करू नये’ असा कागद चिकटवावा लागतो, तिथे चौकशी करावी लागण्याचे कारण शोधणे जास्त गरजेचे असते, आणि ते शोधणे सेवेची आखणी करणाऱ्याकडे येते.

सर्वांत जास्त गल्लत होते ती इंटरॅक्शन डिझाइन आणि यूएक्स यांच्याशी. इंटरॅक्शन डिझाइन हे नाव १९८० च्या दशकात बिल मॉग्रिज आणि बिल व्हरप्लँक यांनी रूढ केले. मॉग्रिज यांनी १९८२ मध्ये बाजारात आलेल्या ग्रिड कंपास या घडीच्या संगणकाची रचना केली होती. संगणकाचे बाह्य रूप कितीही देखणे असले तरी माणूस गुंततो तो पडद्यावर घडणाऱ्या गोष्टींत, हे त्या कामातून त्यांना जाणवले. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९९३ मध्ये अ‍ॅपलमध्ये युझर एक्स्पीरियन्स या शब्दांसह आपले पद घेतले. त्यांना अभिप्रेत असलेला अर्थ व्यापक होता: दुकानात जाण्यापासून खोके उघडण्यापर्यंत आणि यंत्र बिघडल्यावर मदत मिळण्यापर्यंत सगळे त्यात येत होते. आयएसओ ९२४१-२१० या मानकातही वापरापूर्वीच्या अपेक्षेपासून वापरानंतरच्या परिणामापर्यंतचा अनुभव यूएक्समध्ये धरला आहे.

व्याख्या एवढी मोठी असताना सर्व्हिस डिझाइनला वेगळी जागा उरते का? कागदावर फारशी उरत नाही, व्यवहारात मात्र उरते. नोकरीच्या बाजारात यूएक्स हा शब्द वेबसाइट आणि अ‍ॅप यांच्यापुरता आक्रसला आहे. त्यांचे पडदे, त्यांतील वाट, बटणांचे शब्द, हेच बहुतेक यूएक्स डिझाइनरांचे दिवसाचे काम. दुसरा फरक यापेक्षा खोल आहे. यूएक्सच्या केंद्रस्थानी वापरणारा एक माणूस असतो. सर्व्हिस डिझाइनमध्ये एकाच वेळी अनेक माणसे केंद्रस्थानी असतात आणि त्यांतील निम्मी तरी सेवा देणारी असतात. पोर्टलवर कागदपत्रांची यादी समजली नाही, हा यूएक्सचा बिघाड. यादी नीट समजली, पण पोर्टलवरची यादी आणि ‘बी’ काउंटरवरच्या अधिकाऱ्याच्या हातातील सूचना यांत फरक पडला, तर पडदा कितीही सुबक असला तरी अर्जदाराला पुन्हा हेलपाटा पडतो. तो अधिकारीही हैराण होतो, कारण रागावलेल्या माणसाला तोंड त्यालाच द्यावे लागते. हा बिघाड दोन खात्यांच्या मधल्या जागेत होतो आणि त्या जागेला सहसा कोणी धनी नसतो. सर्व्हिस डिझाइन तीच जागा आपली मानते.

या विद्येची सुरुवात डिझाइनच्या शाळांत झाली नाही, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. तिचे सर्वांत महत्त्वाचे साधन एका बँकरने दिले. जी. लिन शोस्टॅक या अमेरिकी बँकिंग क्षेत्रातील मार्केटिंगच्या अधिकारी होत्या. वस्तू विकण्यासाठी तयार झालेले मार्केटिंगचे नियम बँकेच्या सेवांना लागू पडत नाहीत, हे त्यांनी १९७७ मध्ये लिहिले. १९८२ मध्ये आणि मग १९८४ च्या हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधील लेखात त्यांनी सेवेचा नकाशा, म्हणजे सर्व्हिस ब्लूप्रिंट, मांडला. उदाहरणासाठी त्यांनी रस्त्याच्या कोपऱ्यावर बूटपॉलिश करणाऱ्याचा धंदा घेतला. ब्रश मारणे, पॉलिश लावणे, चमकवणे, पैसे घेणे अशा पायऱ्या एका ओळीत काढल्या. प्रत्येक पायरीला किती वेळ लागतो आणि चूक कुठे होऊ शकते हे दाखवले, उदाहरणार्थ चुकीच्या रंगाचे पॉलिश लागणे. खाली एक आडवी रेघ ओढली. रेघेच्या वरचे ग्राहकाला दिसते, खालचे दिसत नाही. पॉलिशचे सामान निवडणे आणि विकत आणणे हे रेघेखाली. काम रेंगाळले की ग्राहक कुरकुर करण्याच्या आधीच धंद्यातला नफा संपतो, हेही त्या नकाशावरून वाचता येत होते. एवढ्या लहान धंद्यावर नकाशा काढून दाखवणे ही शोस्टॅक यांची खरी हुशारी होती. सेवा ही माणसाच्या स्वभावावर सोडून देण्याची गोष्ट नसून ती आधी विचार करून रचता येते, हे वाचणाऱ्याला एका पानात पटत होते.

दृश्यतेची ती रेघ सर्व्हिस डिझाइनला ग्राहक-अनुभवाच्या व्यवस्थापनापासून वेगळे करते. ग्राहक-अनुभवाचा विचार करणारे मुख्यतः रेघेच्या वर पाहतात. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सचे प्रमुख यान कार्लझॉन यांनी १९८० च्या दशकात ही दृष्टी गाजवली. वर्षाला एक कोटी प्रवासी, प्रत्येकाची साधारण पाच कर्मचाऱ्यांशी गाठ, दर वेळी सरासरी १५ सेकंद, आणि कंपनीची परीक्षा त्या सेकंदांत होते, असा त्यांचा हिशेब होता. पुढे १९९८ मध्ये जोसेफ पाइन आणि जेम्स गिलमोर यांनी ‘अनुभवाची अर्थव्यवस्था’ मांडली. त्यात अनुभव हाच विकण्याचा माल ठरला. या विचाराने कंपन्यांना ग्राहकाकडे पाहायला लावले, हे त्याचे श्रेय आहे. मात्र अनुभवाचे मोजमाप करणारे खाते बहुधा मार्केटिंगच्या छायेत असते आणि समाधानाचे गुण वाढवणे हे त्याचे ध्येय होऊन बसते. काउंटरवरच्या माणसाला हसायला शिकवून गुण वाढतातही, पण मागे तपासणीच्या फायली तशाच पडून असतील तर ते हसू फार दिवस कामी येत नाही. शिवाय पासपोर्टसारख्या सेवेत नागरिकाला दुसरीकडे जाण्याची सोयच नसते. तिथे गिऱ्हाईक टिकवण्याचा हेतू निरर्थक ठरतो आणि काम नीट होणे हीच कसोटी उरते.

रेघेखालचे काम ज्यांचे वंशपरंपरागत, ते ऑपरेशन्स मॅनेजमेंटवाले. रांगेचे गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील आग्नर क्रारुप एरलांग यांनी १९०९ मध्ये मांडायला सुरुवात केली. किती फोन येतील आणि किती तारा लागतील, हा त्यांचा प्रश्न होता. किती अर्जदार येतील आणि किती काउंटर लागतील, हा प्रश्न आजही त्याच गणिताने सुटतो. रिचर्ड चेस यांनी १९७८ मध्ये असे मांडले की, सेवा घडताना ग्राहक जितका जास्त वेळ समोर असतो तितकी कार्यक्षमता घटते. म्हणून संपर्काचे काम आणि संपर्काविना होणारे काम वेगळे करावे. पासपोर्ट केंद्रात छपाई होत नाही आणि छपाईच्या जागी अर्जदार येत नाहीत, ही विभागणी याच तत्त्वाशी जुळते.

मग सर्व्हिस डिझाइन त्यात काय भर घालते? याचे उत्तर डेव्हिड मेस्टर यांच्या रांगांच्या मानसशास्त्रावरील १९८५ च्या निबंधात सापडते. रिकामे बसून काढलेला वेळ गुंतलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो, किती थांबायचे हे माहीत नसले की तो आणखी लांबतो, आणि मागून आलेल्याचा नंबर आधी लागला तर थोडेही थांबणे असह्य होते. म्हणजे घड्याळातली वीस मिनिटे तेवढीच राहून थांबणे बदलू शकते. ऑपरेशन्सच्या दृष्टीने बिघाड म्हणजे वेळ जास्त लागणे. सर्व्हिस डिझाइनच्या दृष्टीने काय चालले आहे हे न कळणे हाही तेवढाच मोठा बिघाड आहे. टोकनचा क्रमांक पडद्यावर दिसणे आणि अर्ज कुठल्या टप्प्यावर आहे याचा एसएमएस येणे यांमुळे काम लवकर होत नाही, पण थांबणे सुसह्य होते. दुसरी बाजूही सांगायला हवी. केवळ थांबणे सुसह्य करून थांबण्याचे कारण झाकणे हा सर्व्हिस डिझाइनचा गैरवापर आहे. रांगेचे गणित ज्याला येत नाही असा सर्व्हिस डिझाइनर अर्धाच तयार म्हणावा लागेल.

डिझाइनच्या शाळांनी हे क्षेत्र आपलेसे केले ते नंतर. जर्मनीत कोलोन येथे मिखाएल एर्लहॉफ यांनी १९९१ मध्ये हा विषय डिझाइनच्या अभ्यासक्रमात आणला. बिर्गिट मागर १९९५ मध्ये तिथे या विषयाच्या प्राध्यापक झाल्या. लंडनमध्ये २००१ मध्ये लिव्हवर्क ही फक्त याच कामाची सल्लागार संस्था निघाली आणि २००४ मध्ये सर्व्हिस डिझाइन नेटवर्क स्थापन झाले. बँकेतून आलेल्या नकाशाला या लोकांनी दोन गोष्टी जोडल्या: चित्रे काढून, नमुने करून, करून पाहून शिकण्याची डिझाइनची सवय, आणि सेवा देणाऱ्या-घेणाऱ्यांना आखणीत बरोबर घेण्याची रीत. ही रीत त्यांची स्वतःची नाही. ती १९७० च्या दशकातल्या स्कँडिनेव्हियातून येते. कारखान्यात येणाऱ्या संगणकांबाबत कामगारांना बोलण्याचा अधिकार हवा, यासाठी नॉर्वेजियन संशोधक क्रिस्टेन नीगार यांनी धातुकामगारांच्या संघटनेबरोबर काम केले आणि त्यातून सहभागी डिझाइनची परंपरा वाढली. तिचा हेतू उघडपणे राजकीय होता, सत्ता वाटून घेण्याचा होता. आज भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवण्याच्या कार्यशाळांत तो हेतू अनेकदा हरवतो, ही खेदाची गोष्ट आहे. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याला बोलावून त्याचे म्हणणे लिहून घेणे आणि त्या म्हणण्याने निर्णय बदलणे, यांत फार अंतर आहे.

डिझाइन थिंकिंगशी तुलना थोडक्यात होते. ती विचार करण्याची एक पद्धत आहे आणि टिम ब्राउन यांच्या २००८ च्या लेखानंतर व्यवस्थापनाच्या जगात तिचा बोलबाला झाला. ती कशालाही लावता येते, म्हणून कोणताच विशिष्ट बिघाड तिच्या नावावर मांडता येत नाही. सर्व्हिस डिझाइनचा विषय मात्र ठरलेला आहे.

नावातल्या सारखेपणाने होणारी एक गल्लत महाराष्ट्रातील वाचकाला जवळची आहे. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत सर्व्हिस डिझाइन म्हटले की अनेकांना आयटीआयएल आठवते. संगणकसेवांच्या व्यवस्थापनाची ही चौकट ब्रिटिश सरकारच्या पुढाकाराने १९८० च्या दशकात तयार झाली आणि २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीतील पाच ग्रंथांपैकी एकाचे नावच सर्व्हिस डिझाइन होते. तिथे सेवा म्हणजे सर्व्हर, क्षमता, उपलब्धता, सुरक्षा आणि करारातील सेवापातळी. पासपोर्टचे पोर्टल बंद पडले तर तो त्या अर्थाने बिघाड. दोन्ही कामे आवश्यक आहेत, मात्र एकाचे प्रमाणपत्र दुसऱ्याच्या पात्रतेचा पुरावा ठरत नाही.

आणखी एक सीमा अजून ठरायची आहे, ती धोरणाच्या आखणीची. पासपोर्टचेच पाहता येईल. १९८० च्या नियमांनुसार २६ जानेवारी १९८९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या अर्जदाराला जन्मदाखला सक्तीचा होता. ज्याच्याकडे तो नव्हता, त्याच्यासाठी उत्तम पोर्टल, सुबक फलक, सौजन्यशील कर्मचारी आणि छोटी रांग या सगळ्यांचा उपयोग शून्य होता. परराष्ट्र मंत्रालयाने डिसेंबर २०१६ मध्ये नियम सैल केले. शाळा सोडल्याचा दाखला, पॅन कार्ड, आधार कार्ड यांसारखे पर्याय मान्य झाले. जोडपत्रांची संख्या १५ वरून ९ वर आली आणि ती साक्षांकित करून आणण्याऐवजी साध्या कागदावर स्वतः लिहून देण्याची मुभा मिळाली. डिझाइनचा एकही माणूस न लागता अनेकांसाठी सेवा बदलली. नियम हा सेवेचा सर्वांत कठीण भाग असतो आणि बहुतेक सर्व्हिस डिझाइनरांना तो जसा आहे तसा स्वीकारून काम करावे लागते. ब्रिटनमध्ये २०११ मध्ये गव्हर्न्मेंट डिजिटल सर्व्हिस सुरू झाली, आणि २०१४ मध्ये मंत्रिमंडळ कार्यालयात पॉलिसी लॅब आली. नियम लिहिला जात असतानाच सेवेचा विचार करणारे खोलीत असावेत, हा पॉलिसी लॅबमागचा आग्रह होता.

भारतात या वाटेवर संघराज्याचा प्रश्नही येतो. पासपोर्ट हा केंद्राचा विषय, तर पोलीस राज्याचा. त्यामुळे पोलीस पडताळणी हा एकाच सेवेतला, पण दुसऱ्या सरकारच्या अखत्यारीतला टप्पा ठरतो. सर्व्हिस डिझाइनर तो टप्पा नकाशावर काढू शकतो, तिथे अर्जदाराला काय कळत नाही आणि हवालदाराला कोणता कागद दोनदा भरावा लागतो हे दाखवू शकतो. तो बदलण्यासाठी मात्र केंद्र आणि राज्य दोघांची संमती लागते, आणि ती मिळवणे धोरण ठरवणाऱ्यांचे काम आहे.